वाचकांचे प्रश्न : स्पोर्ट्‌स कार शर्यतींतली कारकीर्द

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. पाच वर्षं कार्टिंग केलं, एक हंगाम फॉर्म्युला ४ चालवली. सिंगल-सीटरमधल्या (फॉर्म्युला गाड्यांतल्या) पुढच्या पायरीचा खर्च झेपणारा नाही. आता स्पोर्ट्‌स कारकडे वळायला उशीर झाला का?

मुळीच नाही. न्यूझीलंडचा अर्ल बॅम्बर सिंगल-सीटरमधूनच आला होता. त्याने पोर्शे कॅरेरा कप एशिया २०१३ आणि २०१४ अशी दोन वर्षं जिंकली, २०१४ मध्येच पोर्शेचा सुपरकपही जिंकला आणि २०१५ मध्ये निको हल्केनबर्ग व निक टँडी यांच्यासोबत फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत. तुमच्यासाठी सर्वांत सरळ रस्ता हाच आहे : एकाच बनावटीच्या गाड्यांची मालिका. सगळ्यांच्या हाती सारखीच गाडी असल्यामुळे निकालाचं श्रेय गाडीला देता येत नाही, आणि संघ नेमकं तेच पाहतात. शिवाय पोर्शे ९११ कपच्या गाडीत बरीच वर्षं एबीएस नव्हतं आणि इंजिन मागे. ब्रेक किती जोरात दाबायचा आणि वळणात शिरताना तो किती हळूहळू सोडायचा, हे ती गाडी पायाला शिकवते.

एक चूक मात्र टाळा. जमवलेले पैसे जीटी३ या वरच्या, महागड्या वर्गातल्या दोन-तीन शर्यतींवर उधळू नका. तेवढ्यातच कप किंवा त्याखालच्या जीटी४ वर्गाचा पूर्ण हंगाम आणि वर सरावाचे दिवस पदरात पडत असतील, तर तेच घ्या. तुटक शर्यतींतून तुमच्याविषयी कुणालाच काही कळत नाही. चाचणीला बोलावणारा संघ सर्वांत वेगवान लॅपवर थांबत नाही. भरल्या टाकीने आणि जुन्या टायरवर सलग मारलेल्या २५ लॅपमधला फरक तो बघतो. हा फरक सेकंदाच्या तीन-चार दशांशांत राहिला, तर पुन्हा बोलावणं येण्याची शक्यता खूप वाढते.

प्रश्न : मला सिल्व्हर दर्जा आहे. या हंगामात दोन शर्यती जिंकलो, तर हितचिंतक म्हणतात, ‘सांभाळ, गोल्ड होशील.’ यात घाबरण्यासारखं काय आहे?

भीती खरी आहे. एफआयए (मोटरशर्यतींची जागतिक संघटना) दर वर्षी चालकांची वरून खाली प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशी वर्गवारी करते. त्यासाठी वय आणि आजवरची कामगिरी पाहिली जाते. जागतिक एन्ड्युरन्स (दीर्घ पल्ल्याच्या) स्पर्धेच्या एलएमजीटी३ गटात एका गाडीच्या तीन चालकांपैकी एक ब्राँझ लागतोच आणि दुसरा सिल्व्हरपेक्षा वरचा चालत नाही. म्हणजे वरच्या दर्जासाठी प्रत्येक गाडीत एकच जागा, आणि तिथे बहुतेक वेळा कारखान्याचा (गाडी बनवणाऱ्या कंपनीचा) करारबद्ध चालक बसतो. वेगवान सिल्व्हरला म्हणूनच प्रचंड मागणी असते. तोच गोल्ड झाला, की त्याला थेट कारखान्याच्या चालकांशी टक्कर द्यावी लागते. कारकिर्दीतला सर्वांत अवघड वर्ष-दीड वर्षाचा काळ हाच.

तरीही मुद्दाम हळू चालवू नका. प्रत्येक लॅपची नोंद असते, त्याच गाडीतल्या सोबती चालकाच्या वेळांशी तुलना होते आणि गेलेली पत परत मिळत नाही. त्यापेक्षा नवी यादी येण्याआधीच संघाशी बोला : दर्जा बदलला तर कराराचं काय, हे लिहून घ्या. दर्जा चुकीचा वाटला तर फेरविचाराचा अर्ज करता येतो. त्याला पूर्ण निकालपत्रकं जोडा.

प्रश्न : सिम्युलेटरवर मी नामवंत चालकांच्या तोडीच्या वेळा देतो. प्रत्यक्षात संधी मिळेल?

मिळालेली आहे. व्हिडिओ गेमच्या खेळाडूंतून चालक निवडणाऱ्या जीटी अ‍ॅकॅडमीचा २०११ चा विजेता यान मार्डनबरो २०१३ मध्ये ल मान्सला एलएमपी२ गटात (खास शर्यतीसाठी बनवलेल्या प्रोटोटाइप गाड्यांचा गट) तिसऱ्या आलेल्या गाडीत होता. पण ती योजना खेळाडूला गाडी, प्रशिक्षक आणि भरपूर शर्यती देत होती. ते पाठबळ नसेल तर तुमची तयारी अर्धीच आहे. रेषा (वळणातला सर्वांत जलद मार्ग), ब्रेकच्या खुणा, डेटा वाचणं हे सिम्युलेटर उत्तम शिकवतो. पाठीला जाणवणारं मागच्या चाकांचं घसरणं, उष्णता आणि गाडी ठोकण्याची किंमत तो शिकवत नाही. आधी कार्टमध्ये बसा, तेही पावसात.

प्रश्न : चष्मा असला तर परवाना मिळतो का?

हो. चष्मा किंवा लेन्स लावून दृष्टी निकषात बसली पाहिजे. रंग ओळखणं आणि कडेचं दिसणं याचीही तपासणी होते.

प्रश्न : स्टिंटच्या (एका बैठकीत सलग चालवण्याच्या) पहिल्या वीस मिनिटांत मी सोबत्याच्या बरोबरीने असतो, पुढे लॅपमागे सहा-सात दशांश हरवतो. प्रोटोटाइप गाड्या मागून आल्या की आणखीच.

तीन ठिकाणी शोधा. पहिलं, टायर. सुरुवातीच्या लॅपमध्ये वळणात जास्त वेगाने शिरून स्टिअरिंग जादा फिरवलं, की पुढच्या टायरचा पृष्ठभाग तापून पकड जाते. टायरमधल्या हवेचा दाब दर १० अंशांना साधारण ०.१ बारने वाढतो, त्यामुळे हा ताण दाबावरही दिसतो. डेटामध्ये स्टिअरिंगचा कोन सोबत्याच्या आलेखावर ठेवून पाहा. त्याच वळणात तुमचा कोन मोठा आणि किमान वेग तेवढाच असेल, तर टायर तुम्हीच झिजवताय.

दुसरं, पाणी. स्टिंटच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे सुमारे एक लिटर गेलं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट झाली की लक्ष ढळू लागतं, आणि ब्रेकची खूण आधी चुकते. दोन तास आधी अर्धा लिटर मीठ-साखरेचं पाणी हळूहळू प्या. गाडीतली बाटली तहान लागायची वाट न बघता सरळ रस्त्यावर वापरा.

तिसरं, रहदारी. वेगवान गाडीने वाट काढायची, तुम्ही तुमची रेषा धरायची, हा मूळ नियम. खरा तोटा होतो तो वळणाच्या मध्यावर ओलांडले गेल्याने. मागची गाडी ब्रेकच्या जागेपर्यंत पोहोचणार असं दिसलं, तर एखाददोन मीटर आधी, सरळ रेषेत ब्रेक करा, तिला आतून जाऊ द्या आणि तिच्यामागून लवकर अ‍ॅक्सिलरेटर उघडा. एक दशांश जातो, नाहीतर पाच जातात. रेषा सोडून बाहेर गेलात तर टायरला रबराचे कण चिकटतात आणि पुढची दोन-तीन वळणं गाडी बर्फावर असल्यासारखी वाटते. तेव्हा ओढाताण करू नका, कण झडू द्या.

प्रश्न : पहिला करार समोर आहे. काय तपासू?

सर्वांत आधी अपघाताच्या खर्चाचं कलम. नुकसान तुम्ही भरायचं असेल, तर प्रत्येक अपघाताची आणि पूर्ण हंगामाची कमाल रक्कम आकड्यात लिहिलेली हवी. सोबत्याच्या चुकीचा आणि यांत्रिक बिघाडाचा खर्च तुमच्यावर नाही, हेही स्पष्ट हवं. नाहीतर ब्रेक निकामी होऊन भिंतीवर गेलात तरी बिल तुमच्याच नावावर येईल. मग सरावाचे दिवस, नव्या टायरचे संच आणि प्रत्येक शर्यतीत चालवायला मिळणारा किमान वेळ मोजून घ्या. ल मान्समध्ये एका चालकाला कोणत्याही ६ तासांत ४ तासांहून जास्त आणि एकूण १४ तासांहून जास्त चालवता येत नाही. पण तुमच्या हिशेबात वरची मर्यादा कामाची नाही, खालची आहे. शेवटी, तुमच्या लॅपचा डेटा हंगाम संपल्यावरही तुम्हाला मिळेल असं एक वाक्य घालून घ्या. पुढच्या संघाच्या दारात दाखवायला तेच हाती असतं.