शाईतले व्यक्तिचित्र पाहताना

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

शाईतल्या व्यक्तिचित्राविषयी तू लिहिलेले टिपण वाचले. त्यात ‘हुबेहूब’ हे विशेषण वारंवार आले आहे, आणि चित्र तुला भावले यापलीकडे त्यातून फारसे काही हाती लागत नाही. जी व्यक्ती आपण कधी पाहिलीच नाही, तिच्याशी चित्राचे साम्य आहे की नाही, हे आपण कशाच्या आधारे ठरवणार? तेव्हा तो प्रश्न तूर्त बाजूला ठेव आणि चित्रकाराने कागद कुठे कोरा राखला आहे, ते आधी पाहा.

तैलरंगात उजेड शेवटी वरून चढवता येतो आणि पेन्सिलीचे काम खोडता येते. पांढऱ्या कागदावर नुसत्या टाकाने काढलेल्या चित्रात मात्र नाकाच्या शेंड्यावरची चमक किंवा खालच्या पापणीच्या कडेचा ओलावा म्हणजे प्रत्यक्षात कागदच असतो, आणि तो पहिल्या रेषेपासून सांभाळावा लागतो. (रंगीत कागदावर पांढऱ्या रंगाने उजेड दाखवण्याची जुनी रीत आहे, पण तो निराळा प्रकार.) डोळ्यापाशी थोडा वेळ थांब. जाणता चित्रकार वरच्या पापणीची रेषा ठसठशीत काढतो आणि खालची जवळजवळ काढतच नाही. दोन्हीकडून सारख्याच जाडीच्या रेषेने बांधलेला डोळा चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसतो.

काळ्या शाईत करडा रंग नसतो. तो रेषांमधल्या अंतरातून पाहणाऱ्याच्या नजरेत तयार होतो, म्हणून गालावरच्या समांतर रेषा कोणत्या दिशेने जातात हे तपासावे. गालाच्या गोलाईबरोबर त्या वळल्या तर मांस जाणवते, सरळ तिरक्या गेल्या तर केवळ सावली. जर्मन चित्रकार ड्यूररने 1493 साली टाकाने केलेले आत्मरेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे; त्याच कागदावर एक हात आणि एक उशीही आहे, आणि कागदाच्या मागच्या बाजूला आणखी सहा उश्या आहेत. उशीच्या घड्या आणि चेहरा या दोहोंसाठी बाविशीतल्या त्या तरुणाने एकाच जातीची रेषा वापरली आहे, आणि मला त्यातली निःपक्षपाती नजर फार मोलाची वाटते. व्हॅन गॉगने 1888 मध्ये पोस्टात काम करणाऱ्या रूलँची रेखाटने करताना बोरूची लेखणी हाती घेतली. बोरूत शाई फार काळ टिकत नाही, त्यामुळे रेषा आखूड आणि जाड पडते, व चित्राचा ठसका बराचसा या अडचणीतून येतो.

शाईच्या रंगावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नकोस. लोह आणि मायफळ यांपासून केलेली जुनी शाई काळाच्या ओघात तपकिरी होते, तर काजळीची शाई काळीच राहते. त्यामुळे जुन्या चित्रातला उबदार तपकिरी रंग चित्रकाराने योजलेला असेलच असे नाही. तसेच चित्र लहान करून छापले की जवळच्या रेषा एकमेकींत मिसळतात, म्हणून मूळ आकार किती आहे हे पाहिल्याशिवाय रेषेच्या जाडीबद्दल लिहू नये.

टिपण पुन्हा लिहिशील तेव्हा संपूर्ण चेहरा घेऊ नकोस. कानापासून हनुवटीपर्यंतची जबड्याची कड घे, ती कुठे तुटते आणि तिथे तिच्याऐवजी काय काम करते एवढेच लिही, आणि मला पाठव.

तुझा हितचिंतक