हीटर प्लग बदलण्याआधी मोजा

प्रश्न : आमची जुनी चार सिलिंडरची डिझेल जीप जानेवारीत सकाळी तीन-चारदा सेल्फ मारल्यावर कशीबशी सुरू होते. मिनिटभर थरथरते, पांढरा धूर सोडते, मग ठीक चालते. दुपारी काहीच त्रास नाही. हीटरचा दिवा रोज लागतो आणि विझतो. मेकॅनिक म्हणतात, चारही हीटर प्लग बदला. बदलावेत का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर आतून तापवतो तो हीटर प्लग. लक्षणं त्याचीच वाटतात, पण मोजल्याशिवाय पैसे घालू नका. दिव्यावर तर मुळीच विसंबू नका. जुन्या गाड्यांत तो बहुधा टायमरवर चालतो. प्लग तापले की नाही, हे तो सांगत नाही. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. एखादा सिलिंडर थंड राहिला की तिथलं डिझेल न पेटताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं.

किल्ली बंद ठेवून चारही प्लगांना जोडणारी पट्टी आधी काढा. ती तशीच ठेवली तर चारही प्लग एकत्र मोजले जातात आणि मेलेला प्लग लपून राहतो. इथेच सर्रास चूक होते. मल्टीमीटर 200 ओहमवर लावा. दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा नंतर वजा करायचा. मग एक वायर प्लगच्या माथ्यावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर. थंड प्लग साधारण 0.5 ते 2 ओहम दाखवतो. मीटर काहीच मोजत नसेल तर आतली कॉइल तुटली आहे. एखादा प्लग बाकीच्या तिघांहून फार वेगळा आकडा देत असेल तर तोही संशयित धरा.

चारही ठीक निघाले? मग पट्टी परत बसवा आणि थंड इंजिनावर, किल्ली ऑन करताच, पट्टी ते इंजिन व्होल्टेज बघा. 11च्या आसपास हवं. शून्य आलं तर फ्यूज किंवा रिले (प्लगांना वीज सोडणारा स्विच) तपासा. बरंच कमी आलं तर गंजलेलं टर्मिनल किंवा कमजोर बॅटरी. सेल्फ फिरताना बॅटरी 9.6 व्होल्टच्या खाली जाऊ नये.

प्लग काढायचाच झाला तर आट्यांवर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, इंजिन कोमट करून मगच पाना लावा. अडला तर जोर करू नका. मोडलेल्या प्लगपायी कधी कधी इंजिनचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवावं लागतं. टोक वितळलेलं दिसलं तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर आणि रिले आधी तपासा, नाहीतर नवा प्लगही तसाच जाईल.

हीच तपासणी नव्या कॉमन रेल (संगणकाच्या नियंत्रणाखाली डिझेल फवारणाऱ्या) गाडीवर करणार असाल तर प्लगला बॅटरीतून थेट 12 व्होल्ट देऊ नका. त्यातले बरेच प्लग 5 किंवा 7 व्होल्टचे असतात आणि काही क्षणांत जळतात.