लावलेली कातडी ताणल्यानं फाटेल का?

भाजल्यावर कातडीरोपण झालेल्या रुग्णाच्या घरचे मला हमखास विचारतात, "व्यायामानं नवी कातडी फाटली तर?" जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या एका सासूबाईंचा प्रश्नही तोच होता. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

कढईतलं तेल सांडून सुनेचा उजवा हात भाजला होता. कोपराच्या खळगीत मांडीची कातडी लावली, ती धरलीही. तरी महिनाभर हात झोळीतच. सासूबाई तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हत्या, घास भरवत होत्या. केवढी माया! पण हात काटकोनात आखडत चालला होता.

म्हटलं, "मावशी, पहिले पाच-सात दिवस हात हलवू देत नाहीत, ते बरोबरच. कातडी धरली की धोका उलटा होतो. व्रण वर्ष-दीड वर्ष आकसत राहतो. हात दुमडून ठेवला की बरं वाटतं, अन् तो तसाच आखडतो."

त्यांना ते पटलं फिजिओथेरपिस्टनं समोर करून दाखवलं तेव्हा. आधी खोबरेल तेलानं मालिश, कारण कोरडा व्रण चिरतो. मग हात सावकाश सरळ करायचा, व्रण पांढुरका दिसेपर्यंत, आणि तिथंच धरायचा. झटका नाही. घरच्यांनी जोरानं ओढायचं तर मुळीच नाही, कोपराच्या सांध्याला त्यानं इजा होते. रात्री स्प्लिंट, म्हणजे हात सरळ धरून ठेवणारा आधार. व्यायामानंतरची कळ थोड्या वेळात ओसरली तर ठीक. कातडी उघडली, रक्त आलं, तर थांबून दाखवायला यायचं.

खरी अडचण उन्हाळ्याची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, लावलेल्या कातडीला घाम येत नाही, आणि वर व्रण दाबून ठेवायला घालायची ती घट्ट बाही. सून ती काढूनच टाकायची. मग व्यायाम पहाटेवर नेला, धुवून आलटून पालटून घालायला दोन बाह्या शिवून घेतल्या.

सासूबाईंना मी एकच काम दिलं: कळण्याच्या भाकरीचं पीठ सुनेला मळू द्या. मळताना कोपर आपसूक सरळ होतं. चुलीजवळ मात्र इतक्यात नको. त्या कातडीला चटका लवकर कळत नाही.

आता ती स्वतःची वेणी घालते. कोपर पूर्ण सरळ व्हायला थोडी कसर आहे. नाहीच झालं तर आखडलेला व्रण शस्त्रक्रियेनं सोडवता येतो, हे सर्जननी दोघींना सांगून ठेवलंय.