बोट शनिवारी सुटली, तुम्ही सोमवारी

प्रश्न : मी सर्व्हिस इंजिनीयर आहे. कंपनीने दोन दिवसांच्या कामासाठी मला एका बेटावर पाठवलं. सोमवार-मंगळवारी काम उरकलं, बुधवारी सकाळी परतायचं होतं, पण हवा बिघडली आणि शुक्रवारपर्यंत बोटी बंद राहिल्या. शनिवारी त्या सुरू झाल्या. शनिवार-रविवार आम्हाला सुट्टी असते, म्हणून मी थांबलो, सोमवारच्या बोटीने निघालो आणि मंगळवारी कामावर हजर झालो. कंपनीने बुधवार ते सोमवार असा सहा दिवसांचा पगार कापला, हॉटेलचं बिल नामंजूर केलं आणि 'कंपनीच्या खर्चाने सहल' केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस दिली. उत्तराला सात दिवस आहेत. बिलात मी जादाच्या पाचही रात्रींपुढे 'बोट बंद' असं लिहिलंय. शिवाय गुरुवारी खडकांवर फिरताना पाय मुरगळला. त्याचा खर्च मागता येईल का?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या कागदांत नोटीस आहे, बिल आहे आणि तुमच्या स्टेटसवरचा एक फोटो आहे. मी आधी फोटोच बघितला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवलेले, आणि चेहरा इतका खूश की बघणाऱ्यालाही रजा टाकावीशी वाटावी. कंपनीचा वकील मात्र तुमच्या खांद्यामागे बघेल. तिथे धक्क्याला बोट लागलेली आहे, फळीवर रांग आहे आणि एक गृहस्थ डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन बोटीत चढतायत. फोटो शनिवारी सकाळचा. बिलात त्याच तारखेपुढे तुमच्याच अक्षरात 'बोट बंद'.

तुमचं सगळं प्रकरण त्या बोटीपाशी दुभागतं. ती सुटेपर्यंत तुम्ही अडकलेले होतात, ती सुटल्यावर राहिलेले. नोटिशीने दोन्ही एकत्र करून 'सहल' म्हटलं, तुम्ही बिलात दोन्ही एकत्र करून 'बोट बंद' म्हटलं. दोघांचीही चूक एकच. पण नोकरी तुमची आहे, तेव्हा दुरुस्ती आधी तुम्ही करायची.

बुधवार ते शुक्रवारबद्दल तुम्ही निर्धास्त राहा. कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की गैरहजेरी जाणूनबुजून केलेली असेल तरच ती गैरवर्तन ठरते. माणसाच्या हाताबाहेरच्या कारणाने झालेली असेल तर ठरत नाही. ते प्रकरण सरकारी कर्मचाऱ्याचं होतं, पण त्यातला तर्क खासगी कंपनीच्या चौकशीतही मांडता येतो. बोटी बंद असताना तुम्ही पोहत यायला हवं होतं, असं कुठलाही चौकशी अधिकारी लिहिणार नाही. त्या तीन दिवसांत तुम्ही किनाऱ्यावर फिरलात, हसलात, फोटो काढलेत, याने काही बिघडत नाही. अडकलेल्या माणसाने खोलीत तोंड पाडून बसलं पाहिजे असा कायदा नाही.

पुरावा मात्र हवा. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवेचा इशारा, लागला होता असं तुम्ही लिहिता. तो कधी चढला आणि कधी उतरला याची नोंद बंदराच्या कचेरीत असते, तिथे आजच लेखी अर्ज द्या. माहिती अधिकारातून मागितलं तर उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तोवर तुमचे सात दिवस कधीच उलटलेले असतील. हवामान खात्याचे त्या दिवसांचे इशारे आणि तिकीट रद्द झाल्याचा मेसेज जोडा. बुधवारी तुम्ही साहेबांना 'बोट बंद आहे, अडकलोय' असं कळवलंत, त्यावर त्यांनी नुसता अंगठा पाठवला. ही परवानगी नव्हे. पण तुम्ही कुठे आहात हे कंपनीला ठाऊक होतं, एवढं त्या अंगठ्याने सिद्ध होतं, आणि तेवढं पुरे आहे. फोन बदलू नका, विकू नका. प्रकरण पुढे कोर्टात गेलं तर या संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र द्यावं लागेल, आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

आता पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. गैरहजेरीबद्दलची कपात तिच्या कलम २० मध्ये आहे, आणि त्यातले शब्द तुमच्या कामाचे आहेत : नोकरीच्या अटींनुसार ज्या ठिकाणी काम करायचं, त्या ठिकाणाहून गैरहजर राहिल्यास. बेटावर तुम्हाला कंपनीनेच पाठवलं होतं आणि परतीची वाट बंद होती. त्यामुळे बुध, गुरु, शुक्र या दिवसांची कपात टिकू नये. शनिवार-रविवारी काम करणं तुमच्यावर बंधनकारकच नव्हतं, मग गैरहजेरी कसली? इथे कंपनी बहुधा सँडविच रजेचा नियम पुढे करेल, म्हणजे सुट्टीच्या दोन्ही बाजूंना गैरहजेरी असली की मधली सुट्टीही रजेत धरायची. नियम असेल तर तो वाचून घ्या. पण शुक्रवारी तुम्ही गैरहजर नव्हता, त्यामुळे सँडविचला एकच पाव उरतो. राहिला सोमवार. तो एक दिवस तुमचा. त्याचा पगार सोडून द्या, किंवा शिल्लक असेल तर एक दिवसाची रजा लावायला सांगा.

उरलेल्या पाच दिवसांचा पगार कंपनीने दिलाच नाही, तर त्याच संहितेच्या कलम ४५ खाली नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देण्याचा अधिकार त्याला आहे. उत्तरात ही धमकी घालू नका. कंपनीचा वकील हे कलम ओळखतो.

हॉटेलचं बिल या अर्जात बसत नाही, कारण कामासाठी झालेला खर्च भरून देण्याची रक्कम 'वेतन' या व्याख्येत येत नाही. ती मिळते नेमणूकपत्रातून आणि कंपनीच्या प्रवास-नियमांतून. बुध, गुरु, शुक्र या तीन रात्री कंपनीच्या कामामुळेच तुमच्या गळ्यात पडल्या, त्या ठामपणे मागा. एवढ्यासाठी दिवाणी दावा लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तेव्हा हे पत्रव्यवहारातच मिटवायचं.

शनिवार आणि रविवारच्या रात्री मात्र तुमच्या खिशातल्या. तिथे तुम्ही 'बोट बंद' लिहिलंत, ते का लिहिलंत हे मला विचारायचं नाही, पण चौकशीत पहिला प्रश्न तोच असेल. खोटं बिल देऊन पैसे उकळणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. पैसे अजून हाती पडलेले नाहीत आणि रक्कम दोन रात्रींची आहे, त्यामुळे पोलीस दारात येतील असं मला वाटत नाही. भीती वेगळी आहे. कामावरून काढण्यासाठी कंपनीला 'सहल' हे कारण पुरत नव्हतं, 'खोटं बिल' पुरेल. नोटिशीत अजून बिलातल्या मजकुराबद्दल एक शब्दही नाही. म्हणजे त्यांनी फोटो आणि बिल शेजारी ठेवून बघितलेलं नाही. आज ना उद्या बघतील.

म्हणून नोटिशीच्या उत्तराआधी, आजच, हिशेब विभागाला दोन ओळी पाठवा : 'माझ्या बिलात शनिवार व रविवारच्या रात्री चुकीने धरल्या गेल्या आहेत. त्या दिवशी बोटसेवा सुरू होती व मी स्वतःच्या इच्छेने थांबलो होतो. त्या वगळून सुधारित बिल सोबत जोडले आहे.' एवढंच. खुलासे नकोत, दिलगिरीचे परिच्छेद नकोत. विचारण्याआधी केलेली दुरुस्ती आणि पकडल्यावर केलेली दुरुस्ती यांना चौकशीत फार वेगळं वजन पडतं.

पायाचं थोडक्यात. भरपाईसाठी अपघात कामातून आणि कामाच्या ओघात झालेला असावा लागतो. सौराष्ट्र सॉल्ट कंपनीच्या १९५८ च्या खटल्यात कामगार काम संपवून घरी जाताना खाडीत बोट उलटून बुडाले, तरीही सर्वोच्च न्यायालयाने मालकाला जबाबदार धरलं नाही. पुढच्या निकालांनी ही रेष कामगाराच्या बाजूने बरीच सरकवली, पण हौसेने खडकांवर चढण्यापर्यंत ती पोचलेली नाही. धक्क्यावर बोटीत चढताना घसरला असतात तर मी तुमच्यासाठी भांडलो असतो. हा खर्च उत्तरात मागू नका, त्याने बाकीच्या रास्त मागण्याही हलक्या होतात. कंपनीने गटविमा काढलेला असेल तर तिथे स्वतंत्र अर्ज करा.

नोटिशीचं उत्तर दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. दिवसवार लिहा : कुठल्या दिवशी बोट होती, कुठल्या दिवशी नव्हती, तुम्ही काय कळवलंत. सोमवारची गैरहजेरी स्वतःहून मान्य करा. बंदराच्या कचेरीचा कागद वेळेत आला नाही तर उत्तर रोखून धरू नका. 'कागद मागवला आहे, मिळताच सादर करतो' असं लिहून सातव्या दिवसाआधी द्या आणि पोच घ्या.

आणि तो फोटो काढून टाकू नका. नोटिशीला जोडलेल्या कागदांत त्याची प्रत आहेच, पान चार, वरचा कोपरा. ट्रंकवाले गृहस्थही त्यात स्पष्ट दिसतात.