अपंग मुलाला घेऊन इंग्लंडला येताना: नर्सरीची मदत कोणती मिळते, कोणती नाही

तुम्ही विचारलंय की नाशिकहून नर्सच्या नोकरीवर इंग्लंडला येताय, यजमान आणि अडीच वर्षांचा मुलगा डिपेंडंट म्हणून सोबत. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, आधाराने बसतो, चालत नाही. गरीब आणि अपंग मुलांसाठी इथल्या नर्सरीला सरकार जादा पैसे देतं हे खरं का, आणि ते तुमच्या मुलाला मिळतील का?

ताई, खरं आहे. पण त्यातले काही पैसे तुमच्या व्हिसामुळे मिळणार नाहीत, आणि जे मिळू शकतात त्यांच्याबद्दल आपणहून कोणी सांगायला येणार नाही. मी इथल्या एका नर्सरीत काम करते, असे फॉर्म भरायला मदत करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे सगळं फक्त इंग्लंडचं. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे.

आधी नन्नाचा पाढा. तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असणार, म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते घेता येत नाहीत. अपंग मुलांचा भत्ता, म्हणजे डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स किंवा डीएलए, त्या पब्लिक फंड्समध्येच मोडतो. ओळखीचे लोक चांगल्या मनाने म्हणतील, 'अगं, डीएलएचा फॉर्म टाक की!' टाकू नका. व्हिसाच्या अटीचा भंग होतो. डीएलए नाही म्हणून डिसॅबिलिटी ॲक्सेस फंडही नाही, कारण तो डीएलए घेणाऱ्या मुलासाठीच असतो. 2025-26 साली तो वर्षाला 938 पौंड होता आणि थेट नर्सरीला मिळतो. आमच्याकडे एका मुलीच्या या पैशांतून बागेच्या दाराला रॅम्प आणि दोन्ही बाजूंनी आधार देणारी खुर्ची आली. नर्सरीला मिळणारा दुसरा जादा पैसा म्हणजे अर्ली इयर्स प्युपिल प्रीमियम, तो त्याच वर्षी तासाला 1 पौंड, वर्षाला जास्तीत जास्त 570 होता. पण तो मुख्यतः युनिव्हर्सल क्रेडिटसारखे भत्ते घेणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी. नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांना नर्सरीचे आठवड्याला 30 तास फुकट मिळतात, त्यासाठीही दोघांपैकी एकाला तरी पब्लिक फंड्सचा हक्क लागतो. यजमान ब्रिटिश नागरिक असते तर गोष्ट वेगळी होती.

आता मिळणारं. तीन वर्षं पूर्ण झाली की पुढच्या सत्रापासून प्रत्येक मुलाला आठवड्याला 15 तास, वर्षातले 38 आठवडे, फुकट. व्हिसा कुठला, पगार किती, कोणी विचारत नाही. सत्रं 1 जानेवारी, 1 एप्रिल आणि 1 सप्टेंबरपासून धरतात. तुमचा मुलगा मार्चमध्ये तिसरं वर्ष पूर्ण करतोय, म्हणजे एप्रिलपासून त्याचे तास सुरू. (वाढदिवस 2 एप्रिलला असता तर सप्टेंबर उजाडला असता.) त्याच्या आधीचे दोन वर्षांच्या मुलांचे 15 तासही तुमच्यासारख्या व्हिसावर मिळू शकतात, पण उत्पन्नाची मर्यादा आहे: लंडनबाहेर, एक मूल असेल तर कर वजा जाता वर्षाला 26,500 पौंड, आणि शिल्लक 16,000 च्या आत. यजमानांना नोकरी लागेपर्यंत बॅंड 5 च्या, म्हणजे नर्सच्या सुरुवातीच्या श्रेणीच्या, पगारात कदाचित बसाल. काउन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला, विचारून घ्या.

खरा जीव आहे तो सेन इन्क्लूजन फंडात (सेन म्हणजे विशेष शैक्षणिक गरजा). हे तास घेणाऱ्या विशेष गरजांच्या मुलांसाठी प्रत्येक काउन्सिलला असा फंड ठेवावाच लागतो. त्याला डीएलए लागत नाही. अर्ज नर्सरी करते, तिथली सेन्को, म्हणजे विशेष गरजांच्या मुलांचं काम पाहणारी बाई. रक्कम आणि फॉर्म काउन्सिलगणिक बदलतात, पण बहुतेक वेळा यातूनच मुलाशेजारी बसणाऱ्या जादा माणसाचे तास निघतात.

इथेच आपली माणसं घोटाळा करतात. सेन्को विचारते, घरी कसा असतो? आई म्हणते, 'छान असतो, सगळं खातो, त्रास देत नाही.' झालं, फॉर्म कोरडा पडला! काउन्सिलच्या माणसाने तुमचा मुलगा पाहिलेला नसतो, समोर फक्त कागद असतो. 'बसायला त्रास होतो' यावर मंजुरी येत नाही. 'जेवताना पूर्ण वेळ मोठ्या माणसाचा हात पाठीला लागतो, हात काढला तर डावीकडे कलंडतो, पातळ पदार्थाने ठसका लागतो' असं लिहिलं तर येते. आपल्या लेकराचं उणं चारचौघांत सांगू नये ही सवय या एका फॉर्मपुरती खुंटीला टांगा.

दुसरा रस्ता ईएचसीपी, म्हणजे एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन. मुलाला कोणती मदत द्यायची हे त्यात लिहिलेलं असतं आणि ती देणं काउन्सिलवर कायद्याने बंधनकारक असतं. तो भत्ता नाही, त्यामुळे व्हिसा आड येत नाही. तपासणीची मागणी आईवडील स्वतः करू शकतात, नर्सरीच्या होकाराची वाट पाहू नका. तपासणी करायची की नाही हे 6 आठवड्यांत आणि एकूण काम 20 आठवड्यांत व्हायला हवं. प्रत्यक्षात बऱ्याचदा लांबतं. म्हणून घराचा पत्ता मिळाला की लगेच अर्ज टाका. चार वर्षं पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात मुलं शाळेच्या रिसेप्शन वर्गात जातात, त्याआधी प्लॅन हातात असलेला बरा.

काही नर्सरी 'आमच्याकडे स्टाफ नाही' म्हणून गोड शब्दांत वाटेला लावतील. इक्वालिटी ॲक्ट 2010 प्रमाणे वाजवी बदल करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तरी भांडून मिळवलेल्या जागेपेक्षा, पहिल्या भेटीतच 'त्याला काय आवडतं?' असं विचारणारी सेन्को मी निवडीन.

येताना जिल्हा रुग्णालयातल्या अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरचे किंवा खाजगी फिजिओचे रिपोर्ट इंग्रजीत आणा, तारीख आणि सहीसकट. आपल्याकडच्या अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डाला इथे किंमत नाही, एमआरआय आणि थेरपीच्या नोंदींना आहे. एएफओ (घोट्याला आणि पावलाला आधार देणारं साधन) वापरत असेल तर निघण्याआधी नवीन मापाचे करून घ्या. इथे आल्यावर जीपीकडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे, नाव घालणं, तिथून पुढे रेफरल, मग नंबर लागणं, यात वेळ जातो आणि तोवर पाय वाढतो.