अंड्याचा रंग शेवटी बघ

प्रिय बाळा,

निळ्या अंड्यांचे फोटो पाहिले. सुंदरच आहेत. तुझा बेतही वाचला. बाहेरून निळ्या अंड्यांच्या जातीचा एक कोंबडा आणायचा, आपल्या गावरान कोंबड्यांत सोडायचा, सोबत गडद तपकिरी अंड्यांची वेगळी पैदास करायची आणि रंगीत अंड्यांचे ट्रे नागपूरला पाठवायचे. त्यासाठी सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या परसातल्या, नागड्या मानेच्या आणि सारख्या खुडूक होऊन अंड्यांवर बसणाऱ्या कोंबड्या येत्या बाजारात काढून टाकणार आहेस, असं शेवटी लिहिलंस. ते वाचलं म्हणून लगेच लिहायला बसले. कोंबडा आणायचा तर खुशाल आण, पण त्या कोंबड्या विकू नकोस.

आधी रंगाचं समजून घे. कवच मुळात पांढरं. निळा रंग बिलिव्हर्डिन नावाच्या द्रव्याचा. तो कवच तयार होतानाच थराथरांत मुरतो, म्हणून निळं अंडं फोडलं तर आतूनही निळंच दिसतं. तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिनचा. तो अंडं बाहेर येण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत वरून चढतो, त्यामुळे आतली बाजू फिकी राहते. निळ्यावर तपकिरी चढला की अंडं हिरवट दिसतं. आपल्या कोंबड्या फिकट तपकिरी अंडी देतात, तेव्हा तुझ्या संकरातून निळ्यापेक्षा हिरवट अंडीच जास्त येतील, हे आधीच धरून चाल.

निळ्या रंगामागे एकच प्रभावी जनुक आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आलं तरी रंग दिसतो. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकांत जाऊन बसला आणि त्यातून हा रंग उमटला, हे २०१३ साली संशोधकांनी दाखवलं. चिलीच्या अरौकाना कोंबड्यांत आणि चीनच्या काही देशी कोंबड्यांत हे दोनदा, स्वतंत्रपणे घडलेलं आहे. एकच जनुक आणि तेही प्रभावी, म्हणजे कोंबडा दोन्ही बाजूंनी शुद्ध असेल तर पहिल्याच पिढीतल्या सगळ्या तलंगा, म्हणजे नुकत्या अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्या, रंगीत अंडी देतील. तू या गोष्टीचा आनंद मानतेस. मला त्यातून उलटं दिसतं. जो रंग एका कोंबड्यातून एका पिढीत येतो, तो पाच वर्षांनीही तसाच आणता येईल. त्याची घाई काय? अंड्यांवर नीट बसणं, पिलं सांभाळणं, घारीची सावली पडली की लपणं, मेच्या उन्हात तग धरणं, हे एकेका जनुकाचं काम नाही. तुझ्या आजीने आणि तिच्या सासूने पिढ्यान्‌पिढ्या जी कोंबडी टिकली तिचीच अंडी बसवली, म्हणून हे गुण आज तुझ्या सांदवाडीत आहेत. एकदा गेले तर ते कुठल्याही कोंबड्याबरोबर पिंजऱ्यात घालून आणता येणार नाहीत.

नागड्या मानेची कोंबडी दिसायला ओंगळ, गिऱ्हाईक नाक मुरडतं, हे खरं आहे. पण तो गुणही एका जनुकाचा आहे आणि आपल्या भागासाठी सोन्यासारखा आहे. एका बाजूने आला तर अंगावरची पिसं वीस ते तीस टक्क्यांनी कमी होतात, दोन्ही बाजूंनी आला तर चाळीस टक्क्यांपर्यंत. उघड्या कातडीतून अंगातली उष्णता बाहेर पडते. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा भरगच्च पिसांची कोंबडी दाणा सोडते, अंडी थांबवते, धापा टाकत सावलीत पडून राहते. नागड्या मानेची त्याच उन्हात चरत असते. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा छोटा झुपका असेल तर गुण एकाच बाजूने आलाय, मान जवळजवळ पूर्ण उघडी असेल तर दोन्हीकडून. एवढं बघून कुणाची जोडी कुणाशी लावायची ते ठरवता येतं. थंड देशात तयार झालेल्या जातीचा कोंबडा तू आणणार आहेस, त्याच्या पोरींना तर या जनुकाची जास्तच गरज पडेल.

तुऱ्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव, कारण इथे तू फसू शकतेस. कोंबडा अंडी देत नाही, तेव्हा त्याच्यात निळा रंग आहे की नाही हे बघून कळत नाही. परदेशी पैदासकार तुऱ्यावरून अंदाज बांधतात. डोक्याला चिकटलेल्या, तीन ओळींच्या बुटक्या तुऱ्याचं जनुक निळ्या रंगाच्या जनुकाच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे दोन्ही बहुधा बरोबर जातात. पण आपल्या असील या झुंजीच्या जातीचा तुराही तसाच बुटका असतो, आणि असीलच्या तुऱ्याशी निळ्या रंगाचा काही संबंध नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावरान कळपांत असीलचं रक्त मिसळलेलं असतं. म्हणून तुझ्याकडे तुरा बघून निवडलेला कोंबडा साफ कोरा निघू शकतो. त्याच्या पोरी अंड्यावर येईपर्यंत खात्री धरू नकोस.

गडद तपकिरीचं प्रकरण याहून अवघड आहे. त्यात अनेक जनुकं आहेत, रंग हळूहळू वाढवावा लागतो. तू म्हणतेस, टोपल्यातली सगळ्यांत गडद अंडी निवडून बसवीन. त्यात काय होतं बघ. कोंबडी अंड्यावर येते तेव्हा तिची पहिली अंडी गडद असतात. ती देत राहते तसा रंग फिका होत जातो. मध्ये थांबून विसावा घेतला की पुन्हा गडद. म्हणजे टोपल्यातलं सगळ्यांत गडद अंडं एकतर नुकत्याच लागलेल्या तलंगेचं असणार, किंवा कमी अंडी देणारीचं. तलंगेचं अंडं लहान, त्यातलं पिलूही लहान आणि नाजूक. असं दोन-चार पिढ्या केलंस तर रंग थोडा वाढेल आणि अंडी कमी होतील. गडद अंड्यात टॉर्च लावून जीव धरला की नाही हेही नीट दिसत नाही. रंग निवडायचाच असेल तर एकाच वयाच्या कोंबड्यांची, अंड्यावर आल्यानंतर काही महिन्यांनीची अंडी शेजारी ठेवून ताडून बघ. आणि एरवी तपकिरी अंडी देणारी कोंबडी अचानक फिकी, पातळ कवचाची अंडी देऊ लागली तर तिला वेगळी काढ. मानमोडीसारख्या रोगात असं होतं.

आता खुडूक. वनराजा, ग्रामप्रिया या हैदराबादच्या सुधारित जाती अंडी चांगली देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची पिलं दरवेळी केंद्रातूनच आणावी लागतात. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, कारण एकवीस दिवस उबवण्यात आणि पुढचे दोन महिने पिलांमागे जातात. तो काळ तुला नुकसान वाटतो. अगं पण तिने वीज न जाळता, धानाची कनकी आणि वाळवी खाऊ घालून कळप उभा करून दिला, तो कुठे मोजलास? फक्त प्रत्येक खुडूक कोंबडी चांगली आई असतेच असं नाही. अर्ध्यातून उठणारी असते, पिलं घारीला देणारी असते. म्हणून प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा बांध आणि वहीत लिही: किती अंडी बसवली, किती फुटली, दोन महिन्यांनी किती जिवंत. शेवटचा आकडा ज्यांचा मोठा, त्यांचीच अंडी पुढे बसवायची. त्यांच्यात मग हवा तो रंग निवड. उन्हाळ्यात अंडी साठवायची तर माठाजवळ ओल्या वाळूवर ठेव आणि आठवड्याच्या आत बसव, नाहीतर उकाड्याने आतला जीव अर्धवट वाढून मरतो.

सगळ्यांत जास्त काळजी मला रक्ताची वाटते. दहा कोंबड्या आणि एकच कोंबडा असा कळप मोजायला अकरा, पण रक्ताच्या हिशेबाने जेमतेम चार जिवांचा असतो, कारण प्रत्येक पिलाचं निम्मं रक्त त्या एकाच कोंबड्याचं. तेच कोंबडे तीन ठेवले तर हा हिशेब नवाच्या आसपास जातो. तू एक निळा कोंबडा आणून बाकीचे कापलेस, आणि पुढच्या वर्षी त्याचाच पोरगा त्याच्याच पोरींवर सोडलास, तर अंडी फुटण्याचं प्रमाण घसरेल, पिलं किडकी निघतील, आणि दोष तू वाणाला देशील. अरौकानात कानाजवळ पिसांचे झुपके असणारे पक्षी असतात. तसा कोंबडा घेऊ नकोस. तो गुण दोन्ही बाजूंनी आला की पिलू अंड्यातच मरतं.

बाजाराचं थोडक्यात. कवचाच्या रंगाने अंड्याचा कस बदलत नाही, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांग. पिवळ्या बलकाचा रंग खाण्यातून येतो, हिरवा पाला आणि मका दिलास की गडद होतो. मागे इमूची लाट आली, मग कडकनाथची. काळी अंडी म्हणूनही लोकांनी भाव सांगितला. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळी कोंबडी, तिच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण तिचं अंडं फिकट तपकिरी असतं, काळं नाही. रंगावर चढलेला भाव असाच उतरतो. जिवंत, दणकट पिलं आणि तलंगा यांना आपल्या आठवडी बाजारात कायम गिऱ्हाईक आहे.

तेव्हा असं कर. कोंबडा आला की तीन-चार आठवडे कळपापासून लांब ठेव, लसीचं दवाखान्यात विचार. मग तुझ्या सगळ्यांत चांगल्या तीन-चार आयाच त्याच्याकडे दे, बाकीच्या कोंबड्या गावरान नरांजवळच राहू देत. जुना कोंबडा काढल्यावर दोन-तीन आठवडे त्या कोंबड्यांची अंडी बसवू नकोस, कारण त्याचं बीज तेवढे दिवस कोंबडीच्या पोटात टिकतं. ती अंडी खाऊन टाका. पुढच्या वर्षी कोंबडा शेजारच्या गावातून बदलून घे, आणि पहिली पिलं दोन महिन्यांची झाली की वहीतलं पान मला पाठव.

तुझी,
मावशी