वीसपैकी आठ: शाळा एवढ्या चाचण्या घेते तरी कशाला?

"मॅडम, शाळावाले एवढ्या परीक्षा काहून घ्यायलेत? शिकवायचं सोडून नुसतं तपासायलेत." पहिली घटक चाचणी झाली की कुठल्या ना कुठल्या आईच्या तोंडून हे मला ऐकायला मिळतंच. पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो, "मार्क कमी पडले म्हणजे लेकरू कच्चंच म्हणायचं का?" दोन्हींचं उत्तर एका केसमधून सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी परभणी जिल्ह्यातली, सहावीत. शनिवारी सकाळची शाळा, आणि शनिवार उजाडला की हिच्या पोटात कळ. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही, त्यांनीच माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, पाठवलं. शनिवारी गणिताची छोटी चाचणी असते, हे आईच्या आधीच लक्षात आलेलं होतं. "शुक्रवारी रात्री जेवायलीच नाही बघा. हे मारत नाहीत हो, पण बोलतात." हे, म्हणजे मुलीचे पप्पा, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीवर मुनीम. पेपर हातात आला की वरचा आकडा बघायचा, पेपर बाजूला टाकायचा आणि म्हणायचं, "तुला दहावीनंतर लातूरला घालायचंय. वीसात आठ घेऊन तिथं कोण उभं करणार?" पुढे पुढे पेपर घरी दिसेनासेच झाले. गाद्या उन्हात टाकताना आईला ते गादीखाली सापडले.

ते पेपर मी मागवून घेतले. मूल मार्कांना भितंय असं कुणी सांगितलं की मी पेपर बघितल्याशिवाय पुढं जात नाही, कारण भीती आकड्याची असते आणि उत्तर बहुतेक वेळा आत, कागदावर असतं.

अपूर्णांकांची चाचणी, दोन-दोन मार्कांचे दहा प्रश्न. गुणाकाराचे चारही बरोबर. बेरीज-वजाबाकीचे सहाही चूक, आणि सहाही एकाच तऱ्हेनं चूक. ३/४ + २/५ = ५/९. ५/६ − १/४ = ४/२. म्हणजे अंशाला अंश भिडवायचा, छेदाला छेद. गुणाकारात हेच करायचं असतं आणि ते तिला चोख येत होतं. तोच नियम तिनं बेरजेला लावला होता. या आठ मार्कांत आळस नव्हता की मठ्ठपणा नव्हता. एक गाठ होती, आणि ती कुठे बसलीय ते स्पष्ट दिसत होतं.

मी तिला विचारलं, "तीन चतुर्थांश म्हणजे किती गं?"

"पाऊण."

"आणि पाच नवमांश?"

तिनं बोटांवर काहीतरी केलं. "अर्ध्याहून जरासं जास्त."

"पाऊण भाकरीत आणखी भाकर घातली, आणि झाली किती?"

ती पेपरकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "आगं माय! हे तर कमीच झालं की!" मग दुसरं गणित स्वतःच ओढून घेतलं. वजाबाकी करून उत्तर दोन आलेलं, म्हणजे होतं त्याच्या दुपटीहून जास्त. त्यावर ती हसली. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

त्याच पेपरवर सरांनी लाल पेनानं छेदांना गोल केले होते आणि खाली लिहिलं होतं, "छेद समान कर. सोमवारी मधल्या सुट्टीत ये." घरात कुणीच ते वाचलेलं नव्हतं. मुलीनं वाचलं होतं, पण तिला वाटलं रागवायला बोलावलंय, म्हणून ती गेलीच नाही.

घरच्यांच्या परवानगीनं मी सरांना फोन केला. त्या शनिवारी वर्गातल्या चौदा पोरांनी हीच चूक केली होती, म्हणून सोमवारी त्यांनी तो भाग परत शिकवला होता. शिक्षक मूल्यमापन करतात ते मुख्यतः यासाठी. "समजलं का?" म्हटलं की अख्खा वर्ग "होऽऽ सर" म्हणतो, आणि हात वर करणारी पोरं तीच ती चार-पाच. शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलीच्या डोक्यात काय चाललंय हे सरांना कळणार कसं? चाचणीत तिलाही बोलावं लागतं. माझ्या मते चाचणीचा सगळ्यात मोठा फायदा अशा गप्प पोरांनाच असतो, आणि चाचणीला सगळ्यात जास्त भितात तीही हीच.

'शिकवायचं सोडून तपासायलेत' ही तक्रारही तपासून बघू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २९ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ येतात. मुलाला भीती, दडपण, चिंता यांतून मोकळं करायचं, आणि त्याच्या आकलनाचं सातत्यपूर्ण, सर्वंकष मूल्यमापन करायचं. मूल्यमापन वारंवार व्हावं म्हणजे भीती घटेल, हा त्यामागचा हिशोब. वर्षाच्या शेवटी एकच मोठी परीक्षा असली की सगळा जीव तीन तासांत अडकतो. महाराष्ट्रात ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं हे आलं. वर्षभर चालतं ते आकारिक मूल्यमापन, सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. आकारिकमध्ये लेखी चाचणी हा एक भाग. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय हेही त्यातच. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, पाचवी-सहावीला निम्मा, सातवी-आठवीला ४०. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि गरज पडली तर पुनर्परीक्षा ही भर अलीकडची. सहावीच्या या मुलीला शनिवारच्या चाचणीनं कुणी नापास करणार नव्हतं.

कागदावरचं सगळीकडे उतरतं असं मी म्हणणार नाही. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात बसून नोंदवह्या भरणाऱ्या शाळा मी पाहिल्यात. वर्णनात्मक नोंदीत अख्ख्या वर्गापुढं एकच वाक्य, 'अभ्यासात प्रगती आहे'. तशा मूल्यमापनाचा उपयोग फक्त शाळेच्या कागदपत्रांना.

पप्पांना बोलावलं. आले, पण घड्याळाकडे बघत बसले. सोयाबीनचा हंगाम, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, "दादा, सोयाबीन आलं की पहिलं काय बघता?"

"ओलावा. बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरला."

"आणि शेतातली माती कृषी विद्यापीठात तपासायला देतात, तिचा भाव ठरतो का?"

"तिचा कसा ठरंल? त्यात काय कमी आहे ते कळतं. झिंक टाकायचं का पालाश."

मी पेपर त्यांच्यापुढं ठेवला. "शनिवारची ही चाचणी मातीची आहे. तुम्ही हिच्यावर भाव काढायलात."

मुनीम माणूस, हिशोब पटकन कळला. पण लगेच विचारलं, "मग बोर्डाची?" तिथं भाव निघतो, हे मी कबूल केलं. दहावी-बारावी, नीट, या परीक्षा निवडण्यासाठीच असतात, आणि त्याही लागतात. हजारो पोरांतून जागा द्यायच्या तर काहीतरी माप हवंच. आपल्याकडं लातूरच्या निकालांचं कौतुक होतं, ते योग्यच आहे. पण त्या मापाची सवय इतकी अंगात भिनलीय की सहावीतल्या पोरीच्या शनिवारच्या पेपरलाही आपण तेच लावतो.

एक गोष्ट मात्र शाळेकडूनही व्हायची होती. सर वर्गात मार्क मोठ्यानं वाचून दाखवत, जास्तीपासून कमीकडे. "वाचले की पोरं अभ्यास करतात," असं त्यांचं म्हणणं. माणूस तळमळीचा, त्याशिवाय कोण मधली सुट्टी देतं? पण यादीत शेवटून तिसरं नाव ऐकलेली मुलगी सोमवारी शंका विचारायला जात नाही, हे त्यांना या केसमध्येच दिसलं. आता ते पेपर पालथे वाटतात.

मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारली ती फक्त शेरा मिळालेली. दोन्ही दिले तिथं मार्कांनी शेरा झाकून टाकला. गादीखालच्या पेपरांचंही तेच झालं होतं.

म्हणून घरासाठी एकच काम दिलं. पेपर आला की मार्कांचा कोपरा दुमडायचा, आधी एक चूक दोघांनी मिळून वाचायची, आकडा नंतर. पप्पांना गणित येत नसेल तरी चालेल. "हे कसं केलंस ते मला सांग" एवढं म्हणता आलं तरी पुरे. पालकसभेत सरांना "किती पडले?" ऐवजी "कुठं अडायलीय?" असं विचारायचं.

पुढच्या चाचणीत तिला अकरा पडले. फार नाहीत. पण तो पेपर तिनं स्वतःहून पप्पांच्या हातात दिला. शनिवारची कळ लगेच गेली नाही. विरळ होत होत दिवाळीच्या सुट्ट्यांपर्यंत थांबली.

प्रत्येक केस एवढी सरळ सुटत नाही. मूल परीक्षेच्या आदल्या रात्री झोपत नसेल, उलट्या होत असतील, शाळाच नको म्हणत असेल आणि असं काही आठवडे चालू असेल, तर समुपदेशकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. भरपूर सराव करूनही वाचन, लेखन किंवा आकडेमोड वयाच्या खूप मागे असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तसं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. या मुलीला त्यातलं काही लागलं नाही.

लातूरचा बेत पप्पांनी सोडलेला नाही. "दहावीला अजून चार वर्षं आहेत, दादा," एवढंच मी म्हटलं. "तवर छेद समान करू द्या," असं म्हणून ते मोंढ्याकडे निघाले.